"घोडी तुम्हीच मारिली ऐसे होईल": चिपळूणच्या पागेला गेलेलं पत्र आणि पावसाळ्याची वैरण

मोडीमित्र

शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या लष्कराला लिहिलेलं पत्र आपण बहुतेक वेळा रयतेच्या बाजूने वाचतो. "रयतेस काडीचा आजार द्यावया गरज नाही" हे वाक्य शाळेच्या भिंतीवरही सापडतं. पत्र राज्याभिषेकाच्या आधीचं, १६७३-७४ च्या सुमाराचं. मुक्काम मौजे हलवर्ण, म्हणजे चिपळूणजवळचं आजचं दळवटणे असं मानतात. पत्र जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांच्या नावे आहे.

हे पत्र घोड्यांच्या बाजूनेही वाचावं, म्हणून हा धागा. पत्राचा विषयच मुळी पागा, म्हणजे सरकारी घोडी आणि त्यांचे तबेले, हा आहे. परिस्थिती अशी: लष्कर चिपळूणला राहिलं. उन्हाळा सरत आला आणि आता कटक घाटावर नेण्याजोगे दिवस उरले नाहीत. पावसाळ्यासाठी दाभोळच्या सुभ्यात जो दाणा आणि सामा जमवला होता, त्यातला बराच आधीच खर्च झाला. वैशाखातले वीस दिवसही पागा तिथेच बसून राहिली. मग गडोगडी जो गल्ला होता तो देववून "जैसी तैसी पागेची बेगमी" केली.

त्यापुढचा इशारा पाहा. तुम्ही मनाला येईल तसा दाणा, रातीब, गवत मागाल, असेल तोवर धुंदी करून चाराल, संपलं की पडत्या पावसात काही मिळणार नाही, उपास पडतील, घोडी मरायला लागतील, "म्हणजे घोडी तुम्हीच मारिली ऐसे होईल". दोष पावसाला नाही, दुष्काळाला नाही, वैरण उधळणाऱ्या माणसाला.

तीन गोष्टींवर जाणकारांनी लिहावं. एक, एका घोड्याला किती लागतं आणि साठा किती दिवसांत संपतो. दोन, "उपास न पडता रोजबरोज खायाला सापडे आणि होत होत घोडी तवाना होत ऐसे करणे" यातल्या "होत होत" या शब्दांचं वजन. तीन, आग आणि दिव्याची वात ओढून नेणारा तो प्रसिद्ध उंदीर.

शब्दांची अडचण येऊ नये म्हणून: रातीब म्हणजे रोजचा ठरलेला शिधा, सामा म्हणजे साठा, लहळ्या म्हणजे गवताच्या गंज्या, आगटी म्हणजे शेकोटी, तवाना म्हणजे धट्टीकट्टी, कटक म्हणजे लष्कर, बेगमी म्हणजे तरतूद. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. घर असो की पागा, माप खणांतच.

---

गवताळ

पहिल्या प्रश्नाला हात घालतो. आकडे आजच्या पशुआहारशास्त्राचे आहेत, पण घोड्याचं पोट तेव्हाही तेच होतं.

दख्खनी घोडं लहानखुरं आणि काटक. वजन ३०० किलो धरू. घोड्याला दिवसाला वजनाच्या २ टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे ६ किलो शुष्क भाग. वाळल्या गवतातही दहा-बारा टक्के पाणी असतं. त्यामुळे प्रत्यक्षात ७ किलो गवत धरावं.

किती दिवस? सभासद बखरीतली (शिवाजी महाराजांच्या चरित्राची जुनी बखर) रीत अशी की पावसाळ्यात लष्कराने आपल्या मुलखात छावणीला यायचं आणि दसरा होताच कूच करायचं. मेच्या मध्यापासून दसऱ्यापर्यंत साधारण १५० दिवस.

७ × १५० = १०५० किलो. घोड्यामागे एक टन गवत, असं तोंडपाठ ठेवा.

आता पागेची रचना घ्या. पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) एक हवालदार आणि पाच हवाल्यांचा एक जुमला, म्हणजे १२५ घोडी. एका जुमल्याला १३१ टन गवत. बैलगाडीत अर्धा टन बसतं असं धरलं तर सुमारे २६० गाड्या. पत्र "जुमलेदारानी" असं अनेकवचनात आहे, म्हणजे तिथे एकच जुमला नव्हता.

दाणा: दिवसाला दीड किलो हरभरा किंवा उकडलेले कुळीथ धरले तर घोड्यामागे २२५ किलो, जुमल्याला २८ टन.

आता "धुंदी करून" चारलं तर काय होतं? १५० दिवसांचा साठा दीडपटीने घातला तर शंभराव्या दिवशी संपतो, म्हणजे ऑगस्ट सरताना. दुपटीने घातला तर पंचाहत्तराव्या दिवशी, म्हणजे जुलैअखेर. चिपळूणला वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. जुलैअखेर घाट निसरडे, नद्या भरलेल्या, गाडी चालत नाही. पत्रातलं "पडत्या पावसात मिळणार नाही" हे या हिशेबाने अगदी सरळ आहे.

---

शंकेखोर

पण पावसाळ्यात कोकणात गवताला काय तोटा? जुलैत बांधाबांधावर गुडघाभर असतं. मग साठ्याची एवढी चिंता कशाला?

---

गवताळ

रास्त शंका. उत्तरं तीन.

पहिलं, पाणी. कोवळ्या गवतात ८० टक्के पाणी असतं. ६ किलो शुष्क भागासाठी ३० किलो हिरवं कापून आणावं लागेल. १२५ घोड्यांना रोज पावणेचार टन, तेही धो धो पावसात, विळ्याने. निम्मी गरज हिरव्यावर भागवली तरी हात पुरत नाहीत.

दुसरं, अंतर. पाऊस पडला की लगेच कापण्याजोगं गवत येत नाही. जून पूर्ण आणि जुलैचा बराच भाग वाळल्यावरच काढावा लागतो. घोड्यांचे नेमके तेच दिवस वाईट असतात.

तिसरं, पोट. महिनोन्महिने वाळलं खाल्लेल्या घोड्याला एकदम हिरवं सोडलं तर पातळ लीद, वायू आणि पोटशूळ. बदल सात ते दहा दिवसांत करायचा. पहिल्या दिवशी पाव हिस्सा हिरवं, तीन दिवसांनी निम्मं, मग पाऊण. भिजलेलं गवत ढीग करून ठेवलं की चार तासांत आतून गरम होतं. ते घोड्याला घालायचं नाही. पसरून ठेवा आणि आणलेल्या दिवशीच संपवा.

भाताचा पेंढा कोकणात मुबलक, पण घोड्याला तो एकटा चालत नाही. त्यात वाळू (सिलिका) जास्त, प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के, आणि ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अडकतं. बैल रवंथ करून त्यातून काही काढतो. घोड्याच्या आतड्यात तो अडकून बसतो. तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ नये.

घाटमाथ्याचं गवत आणत असाल तर पवन्या, मारवेल चांगलं. कुसळी मात्र फुलोऱ्याआधी कापलेली हवी. कुसळं धरल्यावर कापली तर ती हिरडीत आणि जिभेखाली रुततात, घोडं खाणं सोडतं आणि लोक समजतात दात दुखतोय.

---

उंबरठा

हिशेब छान आहेत. पण धाग्याचा सूर मला पटत नाही. घोडं ही तेव्हाची युद्धसामग्री. तोफ गंजू नये म्हणून तेल लावलं तर त्याला आपण तोफेवरची माया म्हणतो का? पत्रात घोड्यांविषयी दयेचा एक शब्द नाही. भूतदया बघायची तर अशोकाकडे जा. गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा एका ओळीत आहे. औषधी वनस्पती जिथे नाहीत तिथे आणून लावल्या, रस्त्यांवर विहिरी खोदल्या आणि झाडं लावली, "पसुमनुसानं", म्हणजे पशू आणि माणसांच्या, उपभोगासाठी. त्याला म्हणतात करुणा.

---

मोडीमित्र

पत्रात दया हा शब्द नाही, हे खरं आणि मान्य. त्यासाठीच तर हा धागा काढला.

अशोकाचंच उदाहरण पुढे नेतो. त्याच्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी काढलेल्या आज्ञेत काय आहे? अवध्य प्राण्यांची यादी. गाभण किंवा दुभती शेळी, मेंढी, डुकरीण मारू नये. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू मारू नये. ठरलेल्या तिथींना बैल खच्ची करू नये, घोड्याला आणि बैलाला डाग देऊ नये. आणि एक छोटं कलम: ज्यात जीव आहेत असं तूस जाळू नये. ही सगळी कलमं, तारखा आणि अपवाद. तिथेही करुणा उतरली ती नियमात.

तोफेचा दाखला एका जागी अडतो. तोफेला उपास पडत नाहीत. "उपास न पडता रोजबरोज खायाला सापडे" हे जनावर समोर ठेवून लिहिलेलं वाक्य आहे. युद्धाची गरज होतीच, ती नाकारत नाही. पण नुसती गरज असती तर "गावातून उचला" हा सोपा मार्ग होता. त्या काळची बहुतेक लष्करं तेच करत. इथे तो मार्ग बंद करून, "बाजारास जावे, रास विकत आणावे" असं सांगून, मग घोडी जगवायला सांगितलंय. कुणब्याचं पोट आणि घोड्याचं पोट दोन्ही एकाच पत्रात सांभाळायची तर हिशेबाशिवाय दुसरी वाट नाही.

(जाता जाता, अशोकाच्या लेखांचे तुकडे आपल्याकडे सोपाऱ्यालाही सापडले आहेत. पहिला १८८२ साली, आठव्या लेखाचा.)

---

उंबरठा

"बहुतेक लष्करं तेच करत" हे मान्य. बाकी मी अजून कुंपणावरच आहे.

---

किर्ररात्र

याच पत्रातलं "भाजीच्या देठासही हात लावू नका" हे वाक्य मला सगळ्यात आवडतं.

---

मोडीमित्र

ते या पत्रातलं नाही. ही गल्लत फार होते. भाजीच्या देठाचं वाक्य प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला १६७६ साली लिहिलेल्या पत्रात आहे, आणि तिथेही शब्द "एक भाजीच्या देठास तेही मन न दाखविता" असे आहेत. हात लावणं लांब, मनातही आणू नको.

त्या पत्रात जनावराचा विषय वेगळ्या अंगाने येतो. ज्या कुणब्याला शेत करायची कुवत आहे, माणूसबळ आहे, पण जोताला बैल नाही आणि पोटाला दाणे नाहीत, त्याला रोख पैसे देऊन दोन-चार बैल घेववावेत आणि खंडी-दोन खंडी दाणे द्यावेत. बैल आणि दाणे एकाच वाक्यात. नुसता बैल दिला तर भुकेला माणूस तो विकून खाईल, हे लिहिणाऱ्याला माहीत होतं.

---

नालबंद

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. "होत होत घोडी तवाना होत" हे वाक्य पशुवैद्यकाच्या वर्गात फळ्यावर लिहावं असं आहे.

मोहिमेहून उतरलेलं, खंगलेलं घोडं समोर आलं की माणसाचा पहिला विचार असतो: बिचाऱ्याला पोटभर दाणा घाला. घोडं त्यानेच मरतं. कारण असं की उपाशी शरीर चरबी आणि मांस जाळून चाललेलं असतं. एकदम दाणा मिळाला की रक्तात साखर उसळते, इन्शुलिन सुटतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत खेचलं जातं. हृदय आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. घोडं खाऊन उभं राहतं, मालक खूश होतो आणि तीन ते पाच दिवसांत ते कोसळतं.

वजनाचा तिसरा हिस्सा गमावलेल्या, फासळ्या-कणा-माकडहाड उघडं पडलेल्या घोड्यासाठी आज जी पद्धत वापरतात ती अशी (मोठ्या, सुमारे ४५० किलोच्या घोड्याचं माप, आपल्या तट्टाला दोन-तृतीयांश करा):

पहिले तीन दिवस: पानाळ वाळलेला लसूणघास, दर चार तासांनी अर्धा किलो. दिवसरात्र सहा वेळा, एकूण तीन किलोच्या आत. दाणा शून्य. गूळ शून्य.

चौथ्या ते दहाव्या दिवशी: माप हळूहळू वाढवायचं, वेळा कमी करायच्या. सहाव्या दिवसापर्यंत दर आठ तासांनी दोन किलोच्या आसपास.

दहा दिवसांनंतर: खाईल तितकं गवत, दोन वेळा. दाण्याचा विचार याच्याही नंतर, मूठमूठ.

लसूणघासच का? प्रथिनं जास्त, स्टार्च कमी, शिवाय फॉस्फरस आणि मॅग्नेशियम आहे. ते नसेल तर चांगलं वाळलं गवत याच वेळापत्रकाने. पाणी सतत समोर. मीठ पहिल्या आठवड्यात ढेप ठेवून, पाण्यात कालवून नाही. जंताचं औषध पहिल्या दिवशी देऊ नका, घोडं थोडं सावरल्यावर आणि डॉक्टरांना विचारून. पूर्ण अंग भरायला तीन ते पाच महिने लागतात. पत्रातला पावसाळा तेवढाच आहे.

---

शंकेखोर

वजन कळणार कसं? गावात घोडं तोलायचा काटा नसतो.

---

नालबंद

शिंप्याची टेप चालते. पुढच्या पायांमागून, खांद्याच्या उंचवट्यामागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी. घेर × घेर × लांबी ÷ ११,८८० = किलो.

उदाहरण: घेर १५५, लांबी १४८. १५५ × १५५ = २४,०२५. गुणिले १४८ = ३५,५५,७००. भागिले ११,८८० = २९९ किलो. घेर श्वास सोडल्यावर घ्या. टेप पोटावर घसरली तर तीस-चाळीस किलोची चूक सहज होते. दर पंधरवड्याला त्याच माणसाने मोजावं. आकडा अचूक नसला तरी चढ-उतार खरा कळतो.

सुदृढ घोड्याच्या दाण्याचंही एक माप सांगून ठेवतो. एका वेळी वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या वर दाणा नाही. ३०० किलोला दीड किलो ही कमाल मर्यादा, आणि तीही दोन तोबऱ्यांत (तोंडाला बांधायच्या दाण्याच्या पिशव्यांत) विभागलेली बरी. जास्त झालं की न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात आंबतो, पोटशूळ होतो, टापा गरम होतात आणि घोडं पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलतं. घोड्याला उलटी करता येत नाही. चुकून कोठारात शिरलेलं घोडं ही रातोरात धावपळीची बाब. हरभरा भरडून किंवा पाच-सहा तास भिजवून द्या, कुळीथ शिजवून. आधी गवत, मग पाणी, दाणा शेवटी.

म्हणून पत्रातलं "कोठारात शिरून लुटाया गरज नाही" मला शिस्तीबरोबरच पशुवैद्यकाचंही वाटतं. कारकून मापून देईल तेवढंच घ्या. बारगिराचं घोडं सरकारी. शिलेदाराचं घोडं स्वतःचं, त्याला तो जपून चारतो, बारगिराचा हात सैल सुटायचा धोका जास्त. ताकीद नेमकी पागेलाच गेली, यात नवल नाही.

---

पखाल

पाण्याचं कोणी लिहिलंच नाही :)

सभासदाने लिहिलंय की पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी (कातडी पखालीने पाणी आणणारा) आणि एक नालबंद. ३०० किलोचं घोडं वाळल्या चाऱ्यावर दिवसाला २० ते ३० लिटर पितं. २५ घोडी म्हणजे सहाशे लिटरच्या वर, एका पखालजीच्या जिवावर. हिरव्यावर गेलं की पिणं निम्म्यावर येतं, आणि मग लोक घाबरतात की घोडं पाणी पीत नाही. घाबरू नका, लिदीचे गोळे बघा. गोळे ओले आणि फुटणारे असतील तर ठीक. कडक, चकचकीत, चिकट पडद्याचे असतील तर आतडं कोरडं पडलंय. मीठ २५-३० ग्रॅम रोज.

---

गवताळ

आता आग. पत्राचा जवळजवळ तिसरा हिस्सा आगीवर आहे, आणि तो वाचताना लिहिणारा गंजीभोवती हिंडतोय असं वाटतं. कोणी आगट्या करतील, कोणी भलत्या जागी चुली मांडतील, कोणी तंबाकूला आगी घेतील, गवत पडलंय, वारं सुटलंय हे मनात न आणता. मग एक ठिणगी, आणि "सारे गवत व लहळ्या आहेत तितक्या एकेएक जळो जातील".

मेअखेरचं कोकण डोळ्यासमोर आणा. खण गवताने शाकारलेले, कुडाच्या भिंती, शेजारी गंज्या, दुपारनंतर खारा वारा. एका खणाला लागली की शेजारचा वाचत नाही, कारण वळचणी एकमेकींना टेकलेल्या. पत्र पुढे म्हणतं की मग कुणब्यांच्या गर्दना मारल्या तरी खण करायला एक लाकूड मिळणार नाही. शिक्षेने गवत परत येत नाही, हा मुद्दा आहे.

गंजी रचताना आज जे सांगतात ते असं:

जमिनीपासून हातभर उंच माचा, दगड आणि वर आडवी लाकडं. खालचा थर थेट जमिनीवर ठेवला की दीड-दोन वीत कुजतो. गंजीचं डोकं निमुळतं, वर पेंढ्याची शाकार, उतार तीव्र. मधला भाग कडांपेक्षा घट्ट तुडवायचा. मध्य सैल राहिला की तो बसतो, खळगा पडतो आणि पाणी थेट पोटात. दोन गंज्यांत पंधरा मीटर, गंजी ते घर किंवा चूल तीस मीटर. सगळं गवत एका गंजीत कधीच नाही. भोवती दोन-तीन मीटरचा पट्टा खरवडून मातीचा.

---

किर्ररात्र

ओल्या गवताला आपोआप आग लागते म्हणतात ते खरं का? की कोणाच्या विडीचं खापर गवतावर?

---

गवताळ

दोन्ही घडतं. पण आपोआप लागते हे खरं.

गवत रचताना ओल १५ टक्क्यांच्या आत हवी. २० च्या वर बुरशी, २५ च्या वर आतून तापणं. आधी जंतू तापवतात, मग रासायनिक क्रिया. रचल्यापासून दोन ते सहा आठवडे धोक्याचे. ५५ अंशांना रोज लक्ष, ६५-७० ला गंजी उघडायची तयारी, ८० च्या पुढे माणसाने एकट्याने वर चढू नये, आतला पोकळ जळका भाग खचून माणूस आत जातो. उघडायच्या आधी पाणी हाताशी हवं. हवा मिळताच धुमसणारं पेट घेतं.

थर्मामीटर नसेल तर लोखंडी सळई मधोमध खुपसा, पंधरा-वीस मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर साठच्या वर आहे. कुजकट-गोड, तंबाखूसारखा वास आणि पहाटे माथ्यावर वाफ, ही त्याआधीची खूण.

दळवटण्याची भीती मात्र दुसरी आहे: कोरडं खडखडीत गवत आणि उघडा विस्तव.

---

शंकेखोर

आणि उंदीर? "अविस्राच उंदीर वात नेईल" हे मला अतिशयोक्ती वाटायचं.

---

मोडीमित्र

अजिबात नाही. पणतीतली वात तेलात मुरलेली असते. उंदराला ओढ तेलाची, विस्तवाची नाही. तो मागचं, न पेटलेलं टोक धरून ओढतो, आणि पेटतं टोक मागे फरफटत गवतात जातं. शिवाय दाण्याच्या कोठाराजवळ उंदीर असणारच.

पत्रातला उपाय लक्षात घ्या. दिवे बंद करा असं नाही. "खासे खासे असाल ते हमेशा फिरत" जा. म्हणजे गस्त शिपायावर सोपवायची नाही, वरिष्ठाने स्वतः फिरायचं. स्वयंपाक, आगट्या, रात्रीचा दिवा, तिन्ही बघायचं. मग निष्कर्ष: खण आणि गवत वाचलं "म्हणजे पावसाळा घोडी वाचली". नाहीतर घोडी बांधायला नकोत, खायला घालायला नको, "पागाच बुडाली".

---

उंबरठा

हा शेवटचा टोमणा जबरदस्त आहे. खायला घालायची कटकटच मिटली, म्हणे.

बरं, एक व्यावहारिक प्रश्न. आज गोठ्यात पणती नसते. मग उंदराचं कलम कालबाह्य?

---

पखाल

उलट. आजचा उंदीर वायर कुरतडतो. वैरणीच्या खोलीतून वायर न्यायचीच असेल तर लोखंडी नळीतून. दिवा काचेच्या बंद आवरणात, गवतापासून किमान मीटरभर लांब. बटण खोलीबाहेर. होल्डरवर साचलेली गवताची भुकटी दर महिन्याला झाडायची, ती पेटायला निमित्त पुरतं. मोबाईलचा चार्जर गंजीवर ठेवणाऱ्यांची संख्या बघता पत्र पुन्हा वाचून दाखवायला हरकत नाही.

---

नालबंद

पावसाळ्याचं उरलेलं थोडक्यात, म्हणजे धागा घोड्यांवर राहील.

ठाण, म्हणजे घोडं बांधायची जागा, कोरडं हवं. मुरूम ठोकून पन्नासाला एक उतार, मूत वाहून जाईल इतका. ओल्या जागेत उभं राहिलं की टापेखालच्या मऊ त्रिकोणी भागाच्या खाचेत काळा, घाण वासाचा चिकट द्राव येतो. दिवसातून दोनदा टाप कोरून साफ करा. औषधापेक्षा कोरडी जमीन जास्त काम करते. पिछाडीचा (मागचे पाय बांधायचा) दोर ओला राहिला की मागच्या पायाला जखम, म्हणून दोर दोन ठेवा, आलटून पालटून वाळवा. भिजलेल्या अंगावर खरारा करू नका, आधी पुसून वाळवा, नाहीतर पाठीवर खपल्या धरतात.

बुरशीचं गवत झटकल्यावर पांढरी धूळ उडते. तेवढाच भाग काढून उरलेलं घालणं चूक, अख्खी पेंढी बाद. घोड्याला खोकला आणि दम लागतो आणि तो जन्मभर जात नाही. नुसती धूळ असेल तर दहा-वीस मिनिटं पाण्यात बुडवून लगेच घाला. कोकणच्या दमटपणात भिजवलेलं गवत संध्याकाळपर्यंत आंबतं.

पाऊस ओसरताना मोठ्या चावऱ्या माशा वाढतात. त्यांच्यामार्फत सर्रा हा रक्तातल्या परजीवींचा रोग येतो. येऊन-जाऊन ताप, पोटाखाली आणि पायांना सूज, खाणं चालू असून अंग झडत जाणं. ही लक्षणं दिसली तर "पावसाळ्याने खंगलंय" म्हणून बसू नका, रक्त तपासा. वेळेत औषध नाही मिळालं तर घोडं जातं. धूर करायचा तर वाऱ्याच्या खालच्या अंगाला गंजी नाही ना, ते आधी बघा.

---

गवताळ

माझ्याच आकड्यात एक दुरुस्ती. १०५० किलो हे घोड्याच्या पोटात जाणारं गवत. गंजीत तळ कुजतो, माथा भिजतो, ठाणात पायाखाली तुडवलं जातं. उत्तम रचलेल्या गंजीतही पंधरा टक्के तूट धरावी. म्हणजे जुमल्याला २६० गाड्या पुरणार नाहीत, तीनशेच्या वर धरा.